बिरूची सवय

बिरूनं डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपची नळी मुठीत घट्ट धरली होती. त्याचं एकेक बोट सोडवता सोडवता रेश्मानं उत्तर देऊन टाकलं. प्रश्न खरं तर सासूला विचारलेला होता.

"घरात काहीच करू देत नाही मॅडम आम्ही त्यांना. बसूनच असतात."

काशम्मा स्टुलावर, दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन, पाहुण्यांच्या घरी बसावं तशी अवघडून बसली होती. तिनं लगेच मान डोलावली.

"व्हय. राणीवानी ठिवलंय सुनंनं."

डॉक्टर वैजयंती हसल्या. रेश्माही हसली. दवाखान्यात बोलायची भाषा तिनं जिना चढतानाच तोंडात घोळवून ठेवली होती. त्या भाषेत हे उत्तर बाहेर पडलं तेव्हा ते तिचं तिलाच छान इस्त्री केल्यासारखं वाटलं.

खोटं बोलायचं असं ठरवून काही ती आली नव्हती. पण अक्कलकोटच्या नणंदेचं, विजयमालाचं, परवाचं फोनवरचं बोलणं कानातून जात नव्हतं. आमची आई तिकडं सुनेच्या हाताखाली गेली, सून मशिनीवर अन् आई चुलीवर, असं ती चारचौघींत म्हणत होती म्हणे. सासूला राबवते हे नणंदेनं म्हणणं वेगळं आणि परक्या डॉक्टरीणबाईंपुढं, बाहेरचे पेशंट दाराच्या फटीतून डोकावत असताना, आपणच कबूल करणं वेगळं. रेश्माच्या माणसांत कुणीही सून, कुठल्याही दवाखान्यात, हेच म्हणाली असती. घरी आलेल्या पाहुण्याला जेवलात का विचारलं की तो जेवलो म्हणतो, तसंच ते.

डॉक्टरांनी पुन्हा एकदा इकोच्या तपासणीची चित्रं उजेडाकडं धरली. मघाशी अंधाऱ्या खोलीत ती तपासणी झाली तेव्हा काशम्मानं तिथल्या मुलीला पलंगाचं डोकं उंच करायला लावलं होतं, मान धरलीय म्हणून. मुलीनं केलं होतं. आता डॉक्टर काशम्माच्या जवळ खुर्ची ओढून बसल्या आणि हाताची मूठ करून दाखवू लागल्या. लहानपणी सांध्यांचा ताप आला होता ना, तो तेव्हा सांधे सोडून गेला, पण जाता जाता काळजाच्या एका झडपेला चावून गेला. दार गंजावं तशी ती झालीय, पुरती उघडत नाही. मग रक्त अलीकडंच तुंबतं आणि फुफ्फुसात ओल धरते. उपाय आहे. मांडीच्या शिरेतून नळी घालून, फुगा फुगवून दार मोकळं करता येतं. छाती उघडावी लागत नाही.

"मग करायचा का फुगा?" रेश्मानं विचारलं. तिचा आवाज जरा बारीक झाला होता.

"तेच ठरवायचंय. तुमच्या सासूबाईंची झडप मधोमध आहे, धड चांगली नाही, अगदी वाईटही नाही. अशा वेळी त्रास किती होतो त्यावर ठरतं. दार किती अरुंद आहे ते मशीन सांगेल. त्यानं बाईला किती दमवलंय ते बाईनंच सांगायचं."

आणि बाई सांगत होती. जिना चढताना? न्हाय. पाणी भरताना? पाणी सूनच भरती. चालताना दम? म्या कुटं जाती हो चालत. प्रत्येक नकारासरशी काशम्मा थोडी ताठ होत होती.

"बरं, रात्रीचं सांगा. आडवं पडल्यावर कोंडल्यासारखं होतं का? उठून बसावं लागतं?"

"बसावं लागतंय की. पर ते ह्याच्यापायी." काशम्मानं बिरूच्या गालाला बोट लावलं. "ह्येला आडवं टाकलं की रडतंय. छातीशी घिऊन भितीला टेकून बसलं तरच निजतंय. अशी वंगाळ सवय लागलीय बगा आमच्या कूसूला, ह्या लेकराला."

"खरंच?" डॉक्टरांनी रेश्माला विचारलं.

"हो मॅडम. वर्ष होत आलं. आज्जीशिवाय झोपतच नाही तो."

पहिलं उत्तर खोटं होतं आणि रेश्माला ते ठाऊक होतं. हे दुसरं मात्र ती अगदी मनापासून, खरं समजून बोलली.

"म्हणजे पेशंट हाच आहे," डॉक्टर म्हणाल्या आणि बिरूच्या पोटावर स्टेथोस्कोप टेकवला. बिरू खुदकन हसला. बोलणं आणि चित्रं काही जुळत नाहीत, तेव्हा एकदा चालवून बघू, असं त्यांनी ठरवलं.

चालायची जागा म्हणजे बाहेरचा लांबच लांब व्हरांडा. दोन टोकांना दोन लाल प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवलेल्या. सहा मिनिटं या खुर्चीपासून त्या खुर्चीपर्यंत आपल्या चालीनं येरझाऱ्या घालायच्या, दमलं तर थांबायचं, पळायचं नाही, असं तिथल्या तपासणीच्या मुलीनं समजावलं आणि काशम्माच्या बोटाला चिमटा लावला. काशम्मानं चपला काढल्या, भिंतीकडेला जोडीनं लावल्या, आणि अनवाणी निघाली.

रेश्मा बिरूला घेऊन बाकावर बसली. मे महिन्याचं ऊन व्हरांड्याच्या जाळीतून आत येऊन फरशीवर पडलं होतं. आज कारखान्यातून तिला अर्धा दिवसच सुट्टी मिळाली होती आणि तीही मुकादमाच्या तोंडाकडं न बघता घ्यावी लागली होती. शाळेच्या गणवेशांचं काम म्हणजे वर्षाचा सगळा जीव या दोन महिन्यांत. शाळा उघडेपर्यंत कुणी आजारी पडायचं नाही, कुणाच्या घरी बारसं निघायचं नाही, असं मुकादम चेष्टेत म्हणायचा, आणि ती चेष्टा नाही हे सगळ्याजणी ओळखून होत्या. कॉलर लावायच्या मशीनवर रेश्मा याच साली बसली होती. त्या मशीनकडं डोळा लावून तिघीजणी बसल्या होत्या.

कुंभारीच्या वसाहतीतून सकाळी रिक्षा धरायची ती दिवे लागल्यावर परतायची. तिचा नवरा सिद्धराम होटगीला रेल्वेच्या रुळांवर, त्याची पाळी कधी दिवसाची कधी रात्रीची. मधला सगळा दिवस काशम्माचा. भाकरी तिची, धुणं तिचं, पाण्याच्या दिवशी खालच्या नळावरून वरच्या पिंपापर्यंत घागरी तिच्या, आणि या सगळ्याच्या वर, कडेवर, बिरू. दीड वर्षाचं पोर, पण अंगानं असं भरलेलं की शेजारीण त्याला पोतं म्हणायची. पायांनी चालायला लागलं होतं तरी आज्जी दिसली की हात वर करायचं. आज्जी कंबर वाकवून कानडीत म्हणायची, बा बा, ये ये, आणि उचलायची. सिद्धरामला तिनं पाठीला बांधून मेंढरांमागं हिंडवला होता, उन्हातान्हात. माजं पोर तसं वाडलं, तुजं सावलीत वाडूंदे, असं ती एकदा म्हणाली होती. पुन्हा कधी ते काढलं नव्हतं.

व्हरांड्यात काशम्मा पहिल्या खुर्चीला वळसा घालून परतली. चाल काही वाईट नव्हती. दुसऱ्या फेरीत ती खिडकीशी थांबली.

"ह्यो लिंब किती वरसांचा आसंल गं?" तिनं मुलीला विचारलं.

मुलीला ठाऊक नव्हतं. काशम्मानं थोडा वेळ बाहेरच्या कडुलिंबाकडं पाहिलं आणि निघाली. पुढच्या टोकाला तिला पायात काहीतरी टोचलं, ते बघायला ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. मग निऱ्या नीट केल्या. मग त्या मुलीला विचारलं, कुटली गं तू, कुणाची, लगीन झालं का. मुलगी बार्शीची होती, लग्न ठरत होतं. काशम्मानं ते सगळं ऐकून घेतलं, मान हलवत, तोंड किंचित उघडं ठेवून, आणि पुन्हा चालू लागली.

रेश्माला हसू आलं. आत्तीचं, म्हणजे सासूचं, हे असंच. घरीही जिना चढताना प्रत्येक वळणावर कुणाच्या ना कुणाच्या दारात ती उभी. एकीची डाळ नीट झाली का, दुसरीच्या पोराचा ताप गेला का. पाण्याची घागर पायरीवर टेकवून गप्पा मारणारी बाई अख्ख्या वसाहतीत ही एकच. मग हसू ओठांवर होतं तिथंच राहिलं. का ते तिला सांगता आलं नसतं. बिरू खाली उतरायला झटत होता, तिनं त्याला पुन्हा वर ओढून घेतलं.

वेळ संपल्यावर मुलगी आकडा घेऊन आत गेली, आणि दार उघडंच असल्यानं तिचं बोलणं बाहेर ऐकू आलं. कमीच चालल्या मॅडम, पण दम लागला असं काही म्हणाल्या नाहीत. गप्पाच मारत होत्या. सवय नाहीये त्यांना चालायची. घरात बसून असतात ना.

रेश्मानं तोंड उघडलं. समोर काशम्मा चपला पायात सरकवत होती. रेश्मानं तोंड मिटलं.

आत गेल्यावर डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. फुग्याची आत्ता घाई नको, दिवाळीनंतर पुन्हा इको करू, मधे काही त्रास झाला तर मात्र लगेच या. दिवाळीनंतर, हे शब्द ऐकताच रेश्माच्या छातीवरून काहीतरी उतरलं. दिवाळीपर्यंत गणवेशांचं काम संपलेलं असेल. बिरू मोठा झालेला असेल, त्याला वसाहतीतल्या बालवाडीत बसवता येईल. मशीन राहील. हे सगळं एका श्वासात तिच्या मनात येऊन गेलं, आणि त्यात काशम्मा कुठंच नव्हती हे तिच्या ध्यानात आलं ते नंतर.

"आणि एक सांगू का?" डॉक्टर रेश्माकडं पाहून म्हणाल्या. आवाजात कौतुक होतं. "तुम्ही फारच जपता त्यांना. इतकं नका जपू. घरातलं हलकंसलकं काम करू द्या, थोडं चालू द्या. बसून बसून अंगातली ताकद जाते माणसाच्या."

रेश्माच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिनं हो म्हटलं.

बाहेर आल्यावर काशम्मा खुशीत होती. "ऐकलंस न्हवं? डाक्टरीणबाईंनीच सांगितलंय, काम करू द्या म्हून. आता विजीला फोन करून सांगती, तुजी वहिनीच मला लई बसवून ठिवती म्हून."

लिफ्टसमोर स्ट्रेचरची रांग होती, म्हणून जिन्यानंच उतरल्या. मधल्या वळणावर काशम्मानं कठड्याला धरलं आणि बिरूच्या पायातला मोजा निसटत होता तो वर ओढला. मोजा निसटलेला नव्हता. रेश्मा पायरीवर थांबली आणि तिनं तो मोजा पाहिला.

खाली औषधाच्या दुकानासमोर गर्दी होती. सासू आणि लेकरू यांना भिंतीकडेच्या बाकावर बसवून रेश्मा रांगेत उभी राहिली. पुढं एक म्हातारा कानडीत भांडत होता, मागून कुणीतरी हिंदीत त्याला समजावत होतं, गोळ्या मिळायला बराच वेळ लागला. पिशवी घेऊन ती वळली तेव्हा तिला आधी बिरू दिसला.

बाकावर उताणा पडला होता तो. सपाट. डोक्याखाली काही नाही, दोन्ही हात पसरलेले, तोंड उघडं. शेजारी टोकनचे आकडे ओरडून पुकारले जात होते, कुणाची तरी पाण्याची बाटली खणकन पडली, आणि बिरू ढाराढूर झोपला होता.

आत्ता उठेल, रडेल, म्हणून रेश्मा झटकन पुढं झाली. तो उठला नाही. त्यानं कूस बदलली आणि अंगठा तोंडात घातला.

त्याच्या शेजारी काशम्मा बसली होती. पाठ भिंतीला, डोकं भिंतीला, डोळे मिटलेले, एक हात लेकराच्या पोटावर. ओठ उघडे होते. गळ्याच्या खोबणीत प्रत्येक श्वासासरशी कातडी आत ओढली जात होती. रोज रात्री, दिवा मालवण्याआधी, रेश्मानं तिला जसं पाहिलं होतं, तशीच. फक्त आज छातीशी पोर नव्हतं.

रेश्मा तिथंच उभी राहिली. लोक तिला वळसा घालून जात होते.

माघ महिन्यात मोहोळला भावाच्या लग्नात बिरू सतरंजीवर, सगळ्या पोरांच्या ओळीत, आडवा झोपला होता. रेश्माची आई म्हणाली होती, तुझी सासू तर म्हणती आडवं टाकलं की रडतंय, हितं तर हाक मारली तरी उठंना. परत आल्यावर रेश्मानं ते हसत हसत काशम्माला सांगितलं होतं. लगीनघरात दमलं आसंल, असं म्हणून काशम्मानं बिरूला तिच्या हातातून घेतलं होतं आणि भिंतीकडं सरकली होती. आणि रेश्मा पांघरूण ओढून झोपली होती. बरं झालं, असं तिला वाटलं होतं. पोराला ही सवय लागली हे बरंच झालं, आपली झोप मोडत नाही, सकाळी मशीनवर डोळा लागत नाही. या सवयीचे तिनं मनोमन आभारसुद्धा मानले होते.

कितीदा तरी रात्री बिरू आधी झोपलेलाच असायचा, रेश्माच्या कुशीत, आणि काशम्मा म्हणायची, दे हिकडं, आत्ता रडायला लागंल बग. झोपलेलं लेकरू ती उचलून घ्यायची.

रेश्मानं पिशवी बाकावर ठेवली. बिरूला उचलून खांद्यावर टाकलं. तो जागा झाला नाही. काशम्मानं मात्र डोळे उघडले.

"मिळाल्या का गोळ्या? चल की मग. तुला दुपारी कामावर जायाचं हाय."

"जरा वर जाऊन येऊ, आत्ती."

"काय ऱ्हायलं?"

"सांगायचं राहिलंय."

काशम्मानं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला काय कळायचं ते कळलं. तिनं रेश्माचं मनगट धरलं.

"वर काय न्हाय. साकू, पुरे झाला दवाखाना. चल घरला."

"तुमी हितंच बसा. जिना नका चढू." दवाखान्याची भाषा गळून गेली होती. "मी जाऊन येती."

वरच्या दाराशी परिचारिकेनं तिला अडवलं, तुमचं झालं ना, आता पुढचे पेशंट आहेत. रेश्मा म्हणाली, झालं नाही. ती इतक्या हळू म्हणाली की परिचारिकेनं तिला आत सोडलं.

आत तिनं काय काय सांगितलं ते तिला नंतर नीट आठवलं नाही. पहिलं वाक्यच जड गेलं. मी खोटं बोलले मॅडम, सगळं त्याच करतात. मग घागरी आल्या, जिन्यावरच्या गप्पा आल्या, लिंबाचं झाड आलं, मोजा आला. मधेच तिला मुकादमाचं तोंड दिसलं आणि दिसलं तसं तिनं ते बाजूला सारलं. शेवटी बिरूच्या झोपेचं सांगताना तिचा आवाज फुटला, तेव्हा ती खांद्यावरच्या लेकराकडं बोट दाखवत राहिली, जणू डॉक्टरांनी ते पडताळून बघावं.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर रेश्माला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त चष्मा काढून ठेवला आणि खाली व्हीलचेअर पाठवली.

काशम्मा खुर्चीतून आली ती चिडूनच. असल्या ढकलगाडीत आपल्याला बसवलं याचा तिला संताप आला होता. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिनं सगळं झटकलं.

"पोरगी मनाला लावून घेती उगं. रातचं कच्चं झोपती, काय बाय सपान पडतंय. मला काय बी हुत न्हाय."

"होत नसेल तर उत्तमच," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "जरा या पलंगावर पडा. मी छाती बघते. उशी नको आज."

डोक्याकडचा उंच भाग त्यांनी स्वतः खाली केला. काशम्मा पलंगाकडं बघत राहिली. मग पदर खोचून चढली, आधी बसली, मग कोपरावर टेकली, आणि मग, विहिरीत उतरताना पायानं तळ चाचपत जावं तशी, हळूहळू पाठ टेकली.

डॉक्टरांनी घाई केली नाही. त्यांनी स्टेथोस्कोप लावला, काढला. मग त्या रेश्माशी बोलू लागल्या, बिरूला दात किती आले, भाकरी खातो का, असलं काहीतरी. रेश्मा उत्तरं देत होती. तिचं लक्ष पलंगावरच्या हातांकडं होतं. काशम्मानं पलंगाच्या दोन्ही कडा धरल्या होत्या. नजर छताच्या पंख्यावर रोवलेली. ओठ मिटलेले, घट्ट, आणि नाकपुड्या फुलत होत्या. कपाळावर घाम आला. तो तिनं पुसला नाही, कारण त्यासाठी हात सोडावा लागला असता.

तिनं बराच वेळ धरलं. रेश्माला वाटलं, ही धरूनच ठेवील. हिनं आयुष्यात काय सोडलंय.

मग काशम्मा एकदम उठून बसली. पाय खाली सोडले, गुडघ्यांवर हात टेकले, आणि तुटक तुटक म्हणाली,

"पोरगं... उठलं वाटतं. रडतंय बग. दे हिकडं."

बिरूचा गाल रेश्माच्या खांद्यावर चेपला होता आणि त्याची लाळ तिच्या ब्लाऊजवर उतरली होती. तो झोपेत सावकाश श्वास घेत होता. खोलीत दुसराही एक श्वास होता, आणि तो आता सगळ्यांना ऐकू येत होता.

डॉक्टरांनी फोन उचलून वॉर्डात जागा आहे का ते विचारलं. आज दाखल करायचं, फुफ्फुसातलं पाणी कमी करायचं, आणि याच आठवड्यात फुगा, असं त्या पलीकडच्या माणसाला सांगत होत्या. काशम्मा ऐकत होती. श्वास जरा ताब्यात आल्यावर तिनं डॉक्टरांकडं पाहिलंच नाही. ती रेश्माला म्हणाली,

"साळा कवा उगडत्यात गं?"

डॉक्टरांनी फोनवर हात ठेवून वर पाहिलं. त्यांना वाटलं असावं, बाई घाबरून भलतंच काहीतरी विचारते आहे.

रेश्मा पलंगावर तिच्या शेजारी बसली. बिरूला एका खांद्यावर सावरत तिनं दुसरा हात काशम्माच्या पाठीमागून नेला.

"उगडल्या की, आत्ती. कवाच उगडल्या."

बाहेर मेचं ऊन रणरणत होतं. काशम्मानं खिडकीकडं पाहिलं, मग सुनेकडं. खोटं बोलतीस, असं ती म्हणाली नाही. तिनं हळूच मान कलती केली आणि रेश्माच्या खांद्यावर टेकली, आणि मग बाकीचं अंगही सैल सोडलं.

रेश्मानं तो भार पेलायला पाय घट्ट रोवले होते. तसं काही लागलं नाही. आत्तीचं वजन, तिच्या दुसऱ्या खांद्यावरच्या लेकरापेक्षा, थोडंसंच जास्त होतं.